चौथ्या प्रकरणाचा उन्हाळा

चैत्र लागला की माझ्या दुकानात कॉलेजांच्या याद्या येऊ लागतात. काचपट्ट्या, झाकणकाचा, फॉर्मॅलिन, गाळणकागद, परीक्षानळ्या. अकोल्याच्या कापूस बाजारामागे माझे प्रयोगशाळेच्या सामानाचे दुकान आहे. या भागात जिथे म्हणून शास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होते, तिथली बरीचशी काच माझ्या हातून जाते. लढाईमुळे विलायतेच्या बोटी येईनाशा झाल्या, काच दुर्मिळ झाली, आणि प्राध्यापक मंडळी पत्रात 'कृपया' लिहायला शिकली. पूर्वी ते शिपायाच्या हाती नुसती चिठ्ठी पाठवत. मी त्यांची पत्रे दोन दिवस तशीच ठेवतो आणि मग उत्तर लिहितो. असे करू नये हे मला कळते, तरी मी करतो.

फॉर्मॅलिनचे बूच उघडले की तो वास आधी डोळ्यांत जातो आणि मग नाकात. डोळे चुरचुरतात. बाहेर रस्त्यावर ऊन पांढरे झालेले असते, कडुनिंबाचा मोहोर गळून दाराशी सतरंजीसारखा पसरलेला असतो, आणि मला एकदम वीसबावीस वर्षांचा मी दिसतो. अमरावतीच्या कॉलेजातल्या पत्र्याच्या खोलीत, उघड्या अंगाने, एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकावर वाकलेला. घाम नाकाच्या शेंड्यावरून काचेवर पडू नये म्हणून कपाळाला उपरणे बांधलेले. त्या पोराचा मला राग येतो. त्याच्या सरांचा तर येतोच.

सरांचे नाव मी लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी ते शंभर वेळा ऐकवले आहे. मी उन्हाळाभर खेड्यातून पाणी आणले, त्यातले जीव मोजले, तक्ते केले, आणि सरांनी त्याचा इंग्रजी निबंध आपल्या नावाने एका शास्त्रीय मासिकात छापला. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: पाण्याचे नमुने आणून दिल्याबद्दल अमुक विद्यार्थ्याचे आभार. म्हणजे मी पाणक्या. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगतो, सोयऱ्यांना सांगतो, आगगाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगतो. लोक चुकचुकतात. मला बरे वाटते. पण ही गोष्ट पुरी नाही, आणि उरलेली आजवर मी कोणाला सांगितलेली नाही.

आमचे घर अंजनगाव सुर्जीचे. बापाचा पानमळा होता. नागवेलीला सावली हवी, गारवा हवा, पाणी हवे, आणि माणसाने लहान मुलासारखे तिच्यामागे उभे राहायला हवे. त्या हिरव्या, ओलसर अंधारात मी वाढलो. बाजारात पाने घेऊन माय बसायची आणि तिच्या शेजारी बसून मी सौदा शिकलो. घराण्यात मॅट्रिक झालेला पहिला मी, आणि बी.एस्सी. झालेला तर अख्ख्या आळीत पहिला. एम.एस्सी.साठी प्रबंध लिहायचा असे ठरले तेव्हा मायने विचारले, "मंग तू डॉक्टर होशीन का?" मी नाही म्हटले. "मास्तर?" तेही नाही. "मंग काहून शिकून राहिला इतकं?" मी म्हटले, रोग कशानं होतो ते शोधतो. ती थोडा वेळ पानांवर पाणी शिंपडत राहिली आणि म्हणाली, "रोग कशानं होते ते तं सगळ्याइलेच मालूम हाय. गरिबीनं होते." या उत्तराहून अवघड प्रश्न पुढे कुठल्याच परीक्षकाने मला विचारला नाही.

सर पुण्याचे. गोरे, नीटनेटके, उन्हाळ्यातही कोटाची बटणे लावलेले. त्यांना वऱ्हाडी बोलणे म्हणजे भांडण वाटे. पहिल्याच भेटीत मी म्हणालो, मले नारूवर काम करायचं हाय. ते हसले आणि म्हणाले, "आधी भाषेवर करा." मग माझ्या तोंडून 'मला' आणि 'आहे' येईपर्यंत त्यांनी मला तीनदा तेच वाक्य म्हणायला लावले. मी म्हटले. मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांना वऱ्हाडीतच संबोधले. पण माणसाचे ज्ञान खरे होते. चिमट्याने पकडलेला केसाएवढा किडा ते असा उलगडून दाखवत, की फूल उलगडते आहे असे वाटावे. हे कबूल करतानाही माझे दात एकमेकांवर घासतात.

नारू ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणसाच्या पायाला फोड येतो, आग होते, फोड फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा तोंड काढतो. तो हातभर, कधी दोन हात लांब असतो. तो ओढून काढता येत नाही. तुटला तर पाय सडतो. म्हणून पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काडीला त्याचे टोक गुंडाळायचे आणि रोज बोटभर फिरवायचे. महिना जातो, दीड महिना जातो. माणूस बाजेवर पडून राहतो, आणि हे सगळे नेमके पेरणीच्या तोंडावर होते. आग शमावी म्हणून तो पाय विहिरीच्या पाण्यात बुडवतो, किड्याची पिले पाण्यात उतरतात, पाण्यातला एक बारीक जीव ती गिळतो, आणि तो जीव दुसऱ्या माणसाच्या पोटात पाण्याबरोबर जातो. वर्षाने त्याच्या पायाला फोड येतो. त्या बारीक जीवाला शास्त्रात सायक्लॉप्स म्हणतात. मी त्याला एकडोळ्या म्हणत असे, कारण कपाळाच्या मधोमध त्याला एकच लाल डोळा असतो.

हे सगळे परदेशी विद्वानांनी आधीच शोधून ठेवलेले होते. सरांनी मला दिलेले काम लहान होते: पायऱ्यांच्या एका विहिरीत उन्हाळ्यात हे जीव किती असतात, कुठे असतात, कधी वाढतात, एवढे मोजायचे.

विहीर मी निवडली ती दर्यापूरकडच्या एका गावातली. तो सगळा पट्टा खारट पाण्याचा. जिथे खणावे तिथे मीठ, आणि त्यात ही एकच गोड विहीर, मोठी, दगडी, पूर्वेला आणि पश्चिमेला खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची. आठवड्यातून दोनदा मी बडनेऱ्याला गाडी धरायचो, मूर्तिजापूरला उतरून एलिचपूरच्या छोट्या गाडीत बसायचो. ती गाडी इतकी हळू चाले की लोक उतरून लघवी करून परत चढत. माझ्या मांडीवर गवतात बांधलेल्या बाटल्यांची पेटी असे. सगळ्या बाया विचारायच्या, अत्तर हाय का? मी म्हणायचो, पाणी हाय. मग त्या एकमेकींकडे पाहायच्या, आणि पुढच्या टेसनापर्यंत माझ्याकडे पाहायचे टाळायच्या.

गावात माझे नाव पाणीचोर पडले. ते ठेवले महादूने. महादूचे घर विहिरीला लागून होते. चांगली काळी जमीन, दोन बैलजोड्या, आणि दर उन्हाळ्याला घरात कोणाच्या ना कोणाच्या पायाला नारू. त्या वर्षी त्याच्याच डाव्या घोट्याला होता. ओसरीवर पाय लांब करून, काडी घोट्याला बांधून तो बसलेला असे, आणि मी पायऱ्या उतरू लागलो की वरून ओरडे, "या पाणीचोर. आमच्या इहिरीतलं कमी करू नका बा, आधीच तळाले गेली." मी म्हणायचो, तुमच्या पायातलाच देता का मग? तो म्हणे, "न्या. पण सगळाच न्या. आर्धा ठेवू नका." त्याच्या पायाकडे पाहून हसू येत नसे, पण तो स्वतःच इतका हसायचा की न हसणे उद्धटपणाचे झाले असते.

सूक्ष्मदर्शकावरच्या त्या दिवसांबद्दल मला राग नाही. एवढे एक सांगितले पाहिजे. प्रयोगशाळेची किल्ली सांभाळणाऱ्या शिपायाशी मी सौदा केला होता. दर आठवड्याला घरच्या मळ्यातली कवळी पाने, आणि त्याबदल्यात दुपारभर सूक्ष्मदर्शक माझा. दुपारी बारा ते पाच त्या पत्र्याखाली दुसरे कोणी टिकत नसे. एका थेंबात केवढे गाव असते! एकडोळ्या झटके देत पोहतो, थांबतो, पुन्हा झटका देतो. मादीच्या शेपटाला दोन्ही बाजूंनी अंड्यांच्या दोन थैल्या, जणू बाजाराहून परतणारी बाई. आणि कधी कधी तिच्या पारदर्शक पोटात वेटोळे घालून पडलेले नारूचे पिलू. ते पहिल्यांदा दिसले तेव्हा मी खुर्चीवरून उठलो, बाहेर जाऊन नळावर तोंड धुतले, आणि परत येऊन पाहिले. होते तिथेच होते. मोजता मोजता माझा उजवा डोळा कायमचा अधू झाला. डावा सौद्याला पुरतो.

दीड महिन्याच्या मोजणीतून एक गोष्ट पुढे आली. पूर्वेच्या पायऱ्यांजवळच्या पाण्यात पश्चिमेपेक्षा तिपटीने जास्त जीव सापडत होते, दर खेपेस. मी डोके चालवले. सकाळी ऊन पश्चिमेच्या पायऱ्यांवर पडते, पूर्वेची बाजू सावलीत राहते. म्हणजे जीव उन्हापासून पळून सावलीला येतात. मी आराखडे काढले, पाण्याची उष्णता मोजली, त्यावर एक आख्खे प्रकरण लिहिले. ते दुसरे प्रकरण. सरांनी ते वाचून पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही खरी दृष्टी. हे छापण्याजोगे आहे." त्या रात्री मला झोप आली नसेल, असे वाटेल, पण मी मेल्यासारखा झोपलो.

मग एके दिवशी मूर्तिजापूरची गाडी चुकली म्हणून मी गावातच मुक्काम केला आणि दिवस उगवताना विहिरीवर गेलो. नेहमी मी पोहोचेपर्यंत नऊ वाजत. पूर्वेच्या पायऱ्यांवर एक पन्नाशीची बाई बसली होती. तिने घागर भरली, तिच्या तोंडावर दुहेरी मांजरपाट टाकून दुसऱ्या घागरीत पाणी गाळले. मग ते फडके उलटे केले, त्याच विहिरीच्या पाण्याची धार त्यावर धरली आणि फडक्यावर जे काही साठले होते ते अलगद पाण्यात सोडले, पायरीशी, अगदी तळहाताने लोटून. अशा तिने चार घागरी केल्या. बरोबर त्या पायरीवर, जिथे दोन-तीन तासांनी मी बाटली बुडवत असे.

ती चंपाकाकू. गावातल्या एकुलत्या जैन शिंप्याची बायको. त्यांच्यात पाणी गाळल्याशिवाय प्यायचे नाही, आणि गाळलेले जीव ज्या पाण्यातले त्या पाण्यात परत सोडायचे. याला ती जिवाणी सोडणे म्हणे. सात माणसांच्या घरासाठी ती रोज पहाटे चार घागरी गाळत होती, आणि चारही घागरींतले एकडोळे मला एका पायरीवर आणून देत होती. ऊन नव्हते, सावली नव्हती. माझे दुसरे प्रकरण म्हणजे काकूंचे फडके होते.

मी पायरीवर बसून इतका हसलो की वरून महादूने विचारले, काय झालं. काकूंना वाटले मी त्यांच्या धर्माला हसतो. त्या घागरी उचलून निघून गेल्या. मला धावत जाऊन माफी मागावी लागली, आणि मग त्यांच्या ओसरीवर बसून मी तो प्रश्न विचारला जो आधीच विचारायला हवा होता. तुमच्या घरात नारू कोणाला होतो? त्या म्हणाल्या, "आमच्या घरी? नाई बा. लगन होऊन आले तवापासून तं कोणाले नाई पायला."

एका भिंतीपलीकडे महादू काडी गुंडाळून पडला होता. पाणी दोघांचे एकच होते.

इथून चौथे प्रकरण सुरू होते. फडक्याने गाळावे हे पुस्तकात होते. पण कुठले फडके, किती पदर, किती जुने, हे कोणी वऱ्हाडच्या बाईला सांगता येईल असे लिहिले नव्हते. मी काकूंच्या घरातली सगळी चिंधी तपासली. खादीची नवी वीण सैल, तिच्यातून जीव सुटतात. मलमल एकेरी चालत नाही. जुने धोतर चार पदरी चालते. सगळ्यांत चांगले मांजरपाट, दुहेरी, आणि त्याची परीक्षा काकूंचीच: "सूर्याकडं धरायचं. बिंब दिसलं तं ते फडकं बाद." मी सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो थेंब तपासून ज्या निष्कर्षाला आलो तो त्यांच्या सासूने त्यांना एका वाक्यात दिलेला होता.

पण जिवाणी सोडणे थांबायला हवे होते. काकूंचे घर वाचत होते आणि जमा झालेले जीव शेजाऱ्यांच्या घागरीत जात होते. शिवाय ते थांबवल्यावर पूर्वेच्या पायऱ्यांवरची संख्या उतरली, तरच माझी चूक माझ्याच तक्त्यांनी सिद्ध होणार होती. मी सौद्याला बसलो. आयुष्यातला सर्वांत अवघड सौदा तो. काकू म्हणाल्या, जीव मारायचा नाही. मी म्हटले, मारू नका, दुसरीकडे सोडा. त्या म्हणाल्या, ज्या पाण्यातला त्याच पाण्यात. मी म्हटले, विहिरीवर दगडी डोणी आहे, लहानशा हौदासारखी, तिच्यात याच विहिरीचे पाणी भरू, त्यात सोडा.  त्यांचा नवरा कपडा कातरता कातरता थांबला, पण विचारले काकूंनीच.

"उन्हानं आटली तं मरतीन ना ते?"

मी म्हटले, पाणी असेपर्यंत जगतात.

"मंग पाणी आटू द्यायचं नाई."

एवढे म्हणून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि आपली अट घातली. हे त्यांच्या नेमाबाहेरचे होते, मनाला टोचणारे होते, ते त्या करतील. पण मी हे छापायचे. सरकारने गावोगाव सांगावे असे छापायचे. "एका घरासाठी नेम मोडणं पाप हाय. साऱ्या मुलखासाठी मोडला तं पाहू देव काय म्हन्ते." मी म्हटले, छापतो. त्या म्हणाल्या, "बोललात बरं, भाऊ."

दुसऱ्या दिवसापासून काकू दोन घागरी जास्त भरू लागल्या, त्या डोणीसाठी. डोणीवर पळसाच्या फांद्यांची सावली केली. आठच दिवसांत पूर्वेच्या पायऱ्यांवरची संख्या उतरून पश्चिमेइतकी झाली. महादूलाही मी सौद्यात ओढले. म्हटले, वर्षभर घरात दुहेरी फडक्याचे पाणी प्या. पुढच्या उन्हाळ्याला घरात कोणाला नारू झाला तर मी जाहीरपणे पाणीचोर. तो म्हणाला, "अन् नाई झाला तं?" मी म्हटले, तर तू मला मास्तर म्हणशील. त्याला वाटले यात आपला तोटा काहीच नाही. मलाही तसेच वाटले.

वैशाख संपता संपता प्रबंध पुरा झाला. होस्टेलवर परीक्षेची पोरे कडुनिंबाखाली पुस्तके घेऊन घोकत फिरत. कलिंगडाच्या साली, ओल्या वाळ्याचे पडदे, दौतीतली शाई उन्हाने घट्ट झालेली. मी चौथे प्रकरण तीन दिवसांत लिहिले. त्यात सगळे होते. फडक्याची परीक्षा, डोणी, काकूंच्या घराचा दाखला, आणि सुरुवातीलाच स्पष्ट शब्दांत: दुसऱ्या प्रकरणातला ऊन-सावलीचा निष्कर्ष चुकीचा आहे, त्याचे कारण पुढीलप्रमाणे. माझ्याच चुकीचा मी काढलेला तो पंचनामा मला सगळ्या प्रबंधात सर्वांत जास्त आवडत होता.

सरांनी प्रबंध टेबलावर ठेवला. सहीचा कागद त्याच्या बाजूला. मुदतीला चार दिवस उरले होते. सही नाही तर परीक्षा एक वर्ष पुढे, आणि मायच्या पानांवर मी आणखी किती दिवस जगायचे. शिवाय मुंबईला एका औषधाच्या कंपनीत जागा होती, त्यांना जुलैत पदवी हवी होती.

सर म्हणाले, "चौथे प्रकरण मी वाचले." मग चष्मा काढून पुसत बसले. "गाळायचे फडके हा गृहकृत्याचा विषय आहे. आणि दुसऱ्या प्रकरणावर मी माझा निबंध आधीच पाठवलेला आहे."

एवढेच. त्यांनी 'काढा' म्हटले नाही. सही करणार नाही असेही म्हटले नाही. ते गप्प बसले. पंखा नव्हता, बाहेर होला घुमत होता, आणि ते चष्मा पुसत होते. सौद्यात गप्प बसलेल्या माणसाला भाव आपण होऊन सांगायचा नसतो. आठ वर्षांच्या पोरालाही बाजारात हे कळते. मला कळत होते. मी मनात म्हणत होतो, बोलू नको, त्यांना बोलू दे. आणि माझ्याच तोंडून शब्द आले, पुण्याच्या शुद्ध भाषेत, एकही चूक न करता.

"सर, चौथे प्रकरण मी काढून टाकतो."

त्यांनी चष्मा घातला आणि सही केली.

मी पास झालो. मुंबईला गेलो, तिथे भांडलो, परत आलो, दुकान काढले. सरांचा निबंध छापून आला. त्यात ऊन-सावलीचा सिद्धान्त आहे. तो अजून कोणी खोडलेला नाही, आणि माझी पदवी त्याच्यावर उभी आहे. दुकानात दर्शनी भिंतीवर ती चौकटीत लावलेली आहे. लोक ती पाहून भावात घासाघीस जरा कमी करतात.

पण जो राग मला दरवर्षी चैत्रात परत येतो तो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी विहिरीच्या गावाला गेलो त्या दिवसाचा. मुंबईची नोकरी सोडून घरी चाललो होतो. छोटी गाडी थांबली आणि मी उतरलो. का उतरलो ते नीट सांगता येत नाही. महादू ओसरीवर नव्हता. शेतात होता, वखर चालवत होता. लांबून मला पाहून त्याने बैल थांबवले, धोतर वर करून दोन्ही पाय दाखवले आणि ओरडला, "मास्तर, यंदा एकालेबी नाई, बायकोलेबी नाई."

काकू विहिरीवर होत्या. पाणी तळाला गेले होते. वरून मोजल्या तर घागरींतले पाणी सांडून ओल्या झालेल्या पायऱ्या पंचवीसेक असाव्यात. त्या दोन घागरी घेऊन वर आल्या, डोणीत ओतल्या, पळसाची फांदी सरळ केली. मग दम घेऊन मला म्हणाल्या, "आलात? छापून आलं?"

वर्षभर. रोज दोन घागरी जास्त, माझ्या एका शब्दावर. मी हिशेब करू लागलो आणि थांबलो.

मी म्हटले, काकू, ते प्रकरण काढलं.

"कोनं काढलं?"

"सरांनी."

 त्यांनी रिकामी घागर कमरेवर घेतली आणि माझी समजूत घातली. "वाईट नोका वाटून घेऊ, भाऊ. मोठ्या मानसापुढं तुमचं काय चालनार व्हतं? तुमी तं लढले असानच." आणि पुढच्या खेपेसाठी त्या पायऱ्या उतरू लागल्या. डोणी अजून अर्धी होती.

त्या दिवसापासून 'सरांनी काढलं' ही गोष्ट मी सांगत आलो आहे. तिला मीठमिरची लावली, 'म्हणजे मी पाणक्या' ही ओळ जोडली, ऐकणाऱ्यांनी डोळे पुसावेत इथवर आणली. सरांनी ते काढले नाही. मी काढले. त्यांनी निबंधावर माझे नाव घातले नाही हा त्यांचा गुन्हा आहे आणि तो मी त्यांना माफ करणार नाही. पण काकूंना दिलेला शब्द त्यांच्या खिशात नव्हता, माझ्या खिशात होता. गेली कित्येक वर्षे मला अडवणारे कोणी नाही. छापखाना माझ्या दुकानापासून चार दुकाने पलीकडे आहे. तरी मी रागावत राहिलो, कारण रागावणे छापण्यापेक्षा सोपे पडते.

म्हणून चौथे प्रकरण इथे देतो, जेवढे या कागदावर मावते तेवढे. पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी दुहेरी मांजरपाटातून किंवा जुन्या धोतराच्या चार पदरांतून गाळून प्यावे. फडके आधी सूर्याकडे धरावे. बिंब दिसले तर दुसरे घ्यावे. फडक्यावर साठलेले विहिरीत धुऊ नये. ज्यांना जीव मारणे नको असेल त्यांनी वेगळ्या डोणीत त्याच विहिरीचे पाणी ठेवून त्यात सोडावे आणि डोणीला सावली करावी. पायाला नारू असलेल्याने विहिरीत उतरू नये, त्याला पाणी वर आणून द्यावे. एका घरात हे कित्येक वर्षे आणि शेजारच्या घरात एक वर्ष केले. दोन्ही घरांत नारू झाला नाही. विहिरीच्या पूर्वेकडे जीव जास्त असण्याचा ऊन-सावलीशी काही संबंध नाही. ती माझी चूक होती. ही रीत मी शोधलेली नाही. दर्यापूरकडच्या एका गावातल्या चंपाबाई शिंपीण यांच्याकडून मी ती घेतली, आणि त्याबदल्यात जे द्यायचे कबूल केले होते ते आजवर दिले नव्हते.